पारीवरच्या सापाचा वाटा

ती पेटी कोंबड्यांची नव्हती. गेल्या उन्हाळ्यात माझ्या माहेरचा गोठा पाडायला काढला, तेव्हा तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाखालून ती निघाली. माझा नातू गोंदियाच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्यानं तिच्यावर थाप मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "आजी, हे कोंबड्यांचं खुराडं दिसतं." मी म्हटलं, "सापाचं आहे. आम्ही पाळला होता. त्याला यात रोज दुधाची वाटी ठेवत असू." त्यावर तो हसला आणि भर अंगणात, मजुरांच्या देखत, त्यानं मला धडा दिला की साप दूध पीत नाहीत, त्यांना ते पचत नाही, ही सगळी जुन्या लोकांची खुळं आहेत. मी ऐकून घेतलं. शिकलेल्या नातवाशी हुज्जत घालण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पण मजुरांना मात्र सांगितलं की पेटी फोडायची नाही, ती माझ्या खोलीत आणून ठेवा. आता ती माझ्या पलंगाशेजारी आहे आणि तिच्यावर माझी औषधं ठेवलेली असतात.

आम्ही तलाववाले. आमच्या कुठल्यातरी पणज्या-खापरपणज्यानं गावाच्या वरच्या अंगाला मातीची पार, म्हणजे बांध, घालून तलाव बांधला होता, आणि तेव्हापासून त्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जायचं हे आमच्या घरातला कर्ता पुरुष ठरवत आला. माझ्या लहानपणी हे काम बाबूजींकडे होतं. ऐकायला मानाचं वाटतं, पण खरं सांगायचं तर ते संशय घेण्याचं काम होतं. धान फुलोऱ्यावर आलं आणि पावसानं दडी मारली की गावातला भला माणूससुद्धा पाणीचोर होतो. पाणी सोडायचं जे भोक पारीच्या पोटात असतं त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याला लाकडी खुंटा ठोकलेला असायचा. बाबूजी संध्याकाळी त्या खुंट्याच्या फटीवर तणसाची एक काडी ओल्या मातीनं चिकटवून यायचे. सकाळी काडी मोडलेली दिसली की ते कुणाला काही न बोलता गावातून एक चक्कर मारायचे आणि लोकांच्या गुडघ्यांकडे बघायचे. तलावाच्या पोटातली माती काळी आणि बांधीतली पिवळसर. काळ्या मातीचे गुडघे दिसले की ते फक्त म्हणायचे, "आज लवकर उठला गा." एवढ्यानं तो माणूस पुढचं सगळं ओळखायचा. या घरात वाढल्यामुळे मीही पोटातूनच संशयी निघाले. पाहुणा जेवायला बसला की त्याच्या चपलांना कुठली माती आहे ते मी आधी बघायची. अजूनही बघते, सुनांना ते आवडत नाही.

घरात आम्ही थोडेच होतो. बाबूजी, माय, मी, माझ्याहून धाकटी दोन भावंडं, बाबूजींचे धाकटे भाऊ डोमाकाका आणि मोठी माय. मोठी माय म्हणजे बाबूजींच्या थोरल्या भावाची बायको. थोरले काका मी पाहिलेच नाहीत. मोठी माय ऐन विशीत विधवा झाली होती. पण घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या आणि चुलीवरचा शब्द तिचा होता. सकाळी पेजेचा खळखळ आवाज, मग तिचं खोकणं, मग कांडणीवरच्या बायांना तिनं दिलेली हाक, अशी आमची सकाळ व्हायची. ती लाखोळीची डाळ करायची, तिला वरून लसणाची फोडणी द्यायची आणि त्या वासानं मी शाळेतून पळत यायची. तलावातले झिंगे वाळवून तिनं केलेली चटणी सगळ्यांना हवी असायची. ती स्वतः मात्र तसलं काही खात नसे. एक वेळ भात आणि त्यावर जे उरेल ते, असं तिचं जेवण. डोमाकाका पाळण्यात असताना त्यांची आई गेली, त्यांना मोठ्या मायनंच वाढवलं होतं. त्यामुळे ते जगाशी वाकडे बोलले तरी तिच्याशी वाकडे बोलत नसत.

डोमाकाकांचं लग्न झालं नव्हतं आणि व्हायची चिन्हंही नव्हती. ते हंगामात गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला जायचे आणि येताना खिशात विचित्र वस्तू आणि तोंडात हिंदी घेऊन यायचे. त्या उन्हाळ्यात पारीची दुरुस्ती चालली होती. मजूर खणत असताना एकाच्या कुदळीखाली धामण आली आणि तिच्या पाठीला जखम झाली. आमच्या घरात पारीवरचा साप मारत नाहीत. उंदीर पारीला भोकं पाडतात, भोकातून पाणी झिरपतं आणि एक दिवस पारच वाहून जाते. साप उंदीर खातो म्हणून तो आमचा बिनपगारी चौकीदार, असा हिशेब. डोमाकाकांनी त्या धामणीला टोपलीत घालून घरी आणलं, जखमेवर हळद-तेल लावलं आणि दोन महिन्यांत ती बरी होऊन आमच्या धानाच्या कणग्यांमागे राहायला लागली. हाताच्या मनगटाएवढी जाड, तपकिरी, आणि चालताना तणसात सरसर असा आवाज. काका तिला 'पटेलीन', म्हणजे पाटलीणबाई, म्हणायचे. पावसाळ्यात कणग्यांमधले उंदीर खरोखरच कमी झाले, त्यामुळे मायनं कुरकुर केली नाही. गावातल्या लोकांना मात्र ते पटेना. तलाववाल्यांना पारीत गुप्तधन सापडलं आणि त्याच्यावरचा साप ते घरी घेऊन आले, अशी कुजबुज सुरू झाली. लोक मीठ मागायला, विस्तव मागायला यायचे आणि नजर कणग्यांमागे फिरवायचे. बाबूजी त्यांच्या नजरेकडे बघायचे. आणि मी सगळ्यांकडे.

दिवाळीच्या सुमारास, धान कापणीला आलं तेव्हा, दूध कमी व्हायला लागलं. आमची कपिली गाय पावसाळ्यात व्याली होती. वासरू लहान म्हणून तिला कळपात न पाठवता गोठ्यातच बांधत असू. धार माय काढायची, पितळी चरवीत. चरवीच्या पोटाला बाहेरून एक पट्टी होती. संध्याकाळचं दूध नेहमी त्या पट्टीशी यायचं. ते आता पट्टीच्या खाली राहायला लागलं. सकाळचं दूध जसंच्या तसं, कमी होई ते फक्त संध्याकाळचं. मायनं पहिला संशय फागूवर घेतला. फागू आमचा गायकी, म्हणजे गावाची गुरं चारायला नेणारा. तो बिचारा दिवसभर रानात असायचा, पण माय म्हणाली, "दुपारी येऊन जात असन. त्याच्या मिशीले साय लागली होती परवा." फागूला मिशाच नव्हत्या. मग तिनं वासरावर घेतला, मग शेजारणीवर. असं चार दिवस चाललं, आणि एका संध्याकाळी मोठी माय चुलीपुढे बसल्या बसल्या, मान वर न करता म्हणाली, "धामन पेत असन."

 आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत होतं की धामण गाईच्या मागच्या पायांना वेढा घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते. कुणी पाहिलं होतं असं नाही, पण सगळ्यांच्या आत्यानं किंवा मावशीनं पाहिलेलं असायचं. नातू म्हणतो ती खुळं हीच. माय लगेच म्हणाली, "मी म्हनतच होती." ती काही म्हणत नव्हती. डोमाकाका भाताचा घास हातात धरून मोठ्या मायकडे बघत राहिले.

"वैनी, थे उंदरं खाते. दूध कायले पिईल?"

"मले का मालूम गा? मी त आपला म्हनून रायली," मोठी माय म्हणाली आणि उठून गेली.

काकांना ते लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी भांडण केलं असतं, पण वैनी म्हणाली होती. ते म्हणाले, मी तिला पेटी करतो, त्यात बंद ठेवतो, मग तर खात्री होईल? गावच्या सुताराला बोलावलं. तो आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "सापाचा घर मी बांधत नाई बा. उद्या कोनाले चावला त लोक म्हनतीन सुतारानंच फट ठेवली." पण त्यानं रंधा आणि करवत दिली. परत घेताना बायकोकडून दोन्ही गोमूत्रानं धुवून घेतली, हेही मला नंतर कळलं.

मग काकांनी स्वतःच पेटी केली. मोडक्या बैलबंडीच्या तळाच्या सागवानी फळ्या होत्या, त्या कापून तळ आणि तीन बाजू झाल्या. खिळे त्यांनी चहाच्या रिकाम्या खोक्यातले उपटून काढले आणि दगडावर ठोकून सरळ केले. तेव्हा जर्मनीची लढाई चालू होती, त्यामुळे बाजारात खिळा मिळत नव्हता. खिळे सरळ करायचं काम माझं होतं आणि माझ्या अंगठ्याचं नख त्यात काळंनिळं झालं. पुढच्या बाजूला त्यांनी गोंदियाहून आणलेला, मिलमध्ये चाळणीतून निघालेला जुना पत्रा लावला. त्याला तांदूळ गळतील एवढी गोल भोकं होती. हवा जाईल, उजेड जाईल, पण धामणीचं तोंड जाणार नाही, असं ते म्हणाले. पत्र्याच्या कडा त्यांनी आत वळवून ठोकल्या, तिला कापू नये म्हणून. आतून फळ्या काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या, पण एका कोपऱ्यात खडबडीत दगड ठेवला, कात टाकताना अंग घासायला. कोपऱ्यांच्या फटीत लाख वितळवून ओतली. आमच्या रानात पळसावर लाख व्हायची आणि तिचा तो गोडसर जळका वास गोठाभर झाला. झाकणाला बिजागरी म्हणून जुन्या चपलेचं चामडं, आणि वर लोखंडी कडी. आत तणस, पाण्याचं मडकं, आणि आडवी ठेवलेली फुटकी घागर, लपायला. पटेलीनला आत सोडलं तेव्हा तिनं चारही भिंतींना जीभ लावून पाहिलं आणि घागरीत शिरून वेटोळं केलं. काका म्हणाले, "पसंद आ गया." मी इतकी नीट बांधलेली वस्तू त्या घरात दुसरी पाहिली नाही.

त्याच संध्याकाळी दूध चरवीच्या पट्टीला लागलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मायनं चरवी मुद्दाम अंगणात आणून सगळ्यांना दाखवली. काकांचं तोंड पडलं. त्यांनी पेटी केली होती पटेलीनला निर्दोष ठरवायला, आणि पेटीनंच तिच्यावर शिक्का मारला. बाबूजींनी निकाल दिला की दुधाला सोकावलेली धामण घरात ठेवता येणार नाही. गायीचा सड जखमी झाला तर वासरू उपाशी मरेल. पारीवर परत सोडावी तर ती घराची वाट विसरणार नाही. आणि पारीवरचा साप मारत नाहीत हे खरं, पण ही आता पारीवरची राहिली नव्हती, पेटीतली झाली होती. "बाजाराच्या दिवशी फागू घेऊन जाईल रानात," ते म्हणाले. घेऊन जाईल म्हणजे मारून येईल, हे सगळ्यांना समजलं.

"थे गेली त मी बी जातो," डोमाकाका म्हणाले. "गोंदियाले. मंग येत नाई."

बाबूजी म्हणाले, "सापासाठी घर सोडतो का?"

"सापासाठी नाई दादा. तुमी सगळे मले लबाड समजून रायले, त्याच्यासाठी."

आणि इथे एक गोष्ट झाली, जी माझ्या त्या संशयी डोक्यात काट्यासारखी रुतली. जिनं धामणीचं नाव घेतलं होतं ती मोठी माय दारातून पुढे आली आणि बाबूजींना म्हणाली, "मारू नोका. जीव आहे थो. रायू द्या पेटीत."  मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन, पण बाबूजींची पोर होते. जो आरोप करतो तोच दया का मागतो?

मग मी विचार केला, जसा बाबूजी पाण्याचा करत. पेटी आली आणि दूध वाढलं. याचा एक अर्थ असा की धामण पीत होती. दुसरा असा की जो कुणी पीत होता त्याला आता धामणीच्या नावावर पिता येत नव्हतं. हा दुसरा अर्थ मला सुचला तेव्हा मी भीत भीत घरातल्या एकेकाकडे बघितलं. मला मायचा संशय आला. ती धाकट्याला चोरून पाजत असेल. मला बाबूजींचाही संशय आला. खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत मला सगळ्यांचा राग यायला लागला होता. डोमाकाका जाणार याची भीती होती ती वेगळीच. ते गेले असते तर त्या घरात माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारं कुणी राहिलं नसतं.

मी काडी लावली. तणसाची एक काडी पेटीच्या कडीवर ओल्या मातीनं चिकटवली, तुडुमावर लावतात तशी. मग चुलीजवळ जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकांना सांगितलं की पेटीची कडी सैल झाली आहे, धामण रात्री बाहेर फिरून आली असावी, तणसावर सरपटल्याची खूण आहे. काका धावत बघायला निघाले; मी त्यांचा हात धरून डोळ्यांनी खुणावलं तेव्हा ते थांबले. त्या दिवशी संध्याकाळी दूध पट्टीच्या खाली होतं. आणि काडी जशी लावली तशी होती.

दुसऱ्या दिवशी सगळे कापणीला गेले. माय शिदोरी घेऊन बांधीत गेली. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले आणि दुपार व्हायच्या आधी गोठ्यात जाऊन पेटीच्या मागे, भिंत आणि फळी यांच्यामधल्या जागेत बसले. तिथून बघायला काही फट नव्हती. काकांनी फट ठेवलीच नव्हती. म्हणून मी मागून थोडी सरकून कोपऱ्यावर आले. काकांनी थंडीसाठी पेटीवर टाकलेल्या पोत्याची कड तिथे लोंबत होती, तिच्याआडून गाईकडचा भाग दिसत होता. पटेलीन आत सुस्त पडलेली. बाहेर कुठेतरी होला घुमत होता. मी मायची वाट बघत होते, खरं तर शेजारणीची, खरं तर कुणाचीही.

मोठी माय आली. हातात काशाची छोटी वाटी होती. तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला, उकिडवी बसली आणि वाटीत धार काढली. वाटी भरली तशी तिनं ती दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि डोळे मिटून प्याली. घाई नव्हती. चोर घाई करतो असं मला वाटायचं. पिऊन झाल्यावर ती तशीच बसून राहिली, वाटी मांडीवर ठेवून. पदरानं तोंड पुसलं. मग उठून पेटीजवळ आली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि पोत्यावर हात ठेवून आतल्या जनावराला म्हणाली, "तुह्या नावानं पेऊन रायली मी बाई. तुले मारतीन त मी का करू? सांगता येत नाई वं मले."

मला तेव्हा आठवलं. भादव्यात मोठ्या मायला ताप आला होता, पंधरा-वीस दिवस उतरेना. वैद्य आले होते आणि अंगणात उभं राहून सगळ्यांच्या समोर म्हणाले होते की हिला दूध द्या, नाही तर अंगात काही राहणार नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण आमच्या घरात दूध वाटायची मोठी मायच. पुरुषांना किती, पोरांना किती, विरजणाला किती, सगळं तिच्या हातून. विधवा बाईनं स्वतःच्या वाटीत स्वतःच्या हातानं दूध ओतायचं, तेही चार जणांसमोर, हे तिला जमणारं नव्हतं. तिला कुणी मनाई केली नव्हती, फक्त तिच्या वाटीत कुणी ओतलं नव्हतं. ताप उतरला, ती उठून चुलीशी बसली आणि आम्ही ते विसरून गेलो.

मी तिथेच तोंडात फ्रॉकची कड कोंबून रडले. ती गेल्यावर पारीवर पळत गेले. काका तुडुमाजवळ बसून बिडी ओढत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते उडी मारून उठतील, पटेलीन सुटली म्हणतील. बिडी त्यांच्या हातातच विझली. मग म्हणाले, "कोनाले सांगितलं का?"

"नाई."

"मंग आता कोनालेच सांगायचा नाई. तुह्या मायले बी नाई." त्यांचे डोळे लाल झाले होते. "मले तिनं पेज भरवून वाढवला गिरजे. आन मी तिले एक वाटी दूध ओतून नाई दिला. मी सापाले पेटी करून रायलो होतो."

त्या संध्याकाळी जेवणं चालली असताना त्यांनी सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं की आपण स्वतः पाहिलं, धामण दूध पिते. आपली चूक झाली. माय विजयानं बघायला लागली. "पन दादा," काका पुढे म्हणाले, "थे पारीवरची आहे. पेटीत आनली म्हनून पारीवरची नाई असा कसा होईल? आपन तिले मारून टाकलं आन पार फुटली त गाव आपल्याले का म्हनन? तिचा वाटा नेमून द्या. रोज दुपारी एक वाटी दूध पेटीत ठेवायचा. वाटा मिळाला त गाईजवळ जानार नाई. वाटी वैनीनं ठेवायची, दुसऱ्याच्या हाताले थे चिडते. आन दुपारी गोठ्यात कोनी जायचा नाई."

मोठ्या मायच्या हातातलं डाळीचं भांडं खाली टेकलं. बाबूजींनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. नेमकं माझ्या फ्रॉककडे, ज्याच्या कडेला दात लागून सुरकुत्या पडल्या होत्या आणि मागे गोठ्याच्या भिंतीची पांढरी माती लागली होती. मी फ्रॉक गुडघ्यांखाली ओढला. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे. वाटा देऊ."

पुढच्या दुपारी उन्हं चांगली तापल्यावर काकांनी आणि मी पटेलीनला टोपलीत घालून पारीवर नेलं आणि तिच्या जुन्या जागी सोडलं. ती थोडी थांबली, जीभ काढली आणि दगडांत शिरली. घरी येऊन काकांनी पेटीच्या पत्र्याला आतून फळ्या ठोकल्या. सापाला उजेड सोसत नाही, असं सांगितलं. कुणाला आत डोकवायची हौस नव्हतीच. काका कापणी संपल्यावर गोंदियाला गेले आणि मिलचा हंगाम संपल्यावर परतही आले, जसे दरवर्षी यायचे तसे. मोठी माय रोज दुपारी भरलेली वाटी घेऊन गोठ्यात जायची आणि रिकामी घेऊन यायची. होळीपर्यंत तिच्या गालांवर थोडं मांस आलं आणि सकाळचा खोकला थांबला. गावात मात्र खात्री झाली की तलाववाल्यांना गुप्तधन सापडलंच आहे, नाही तर सापाला कोण दूध पाजतं.

आता तिरोड्याच्या वीज कारखान्याची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात आणि तलावात गाळ भरला आहे. त्या दिवसांतलं कुणी राहिलं नाही. नातवाला मी हे सांगितलेलं नाही. त्याला वाचायचं असेल तर इथे वाचेल.

एक मात्र राहिलं. पुढच्या पावसाळ्यात कणग्यांमध्ये पुन्हा उंदीर झाले. होणारच होते. एका रात्री जेवताना मायनं त्याचा विषय काढला. म्हणाली, "दूध पेऊन पेऊन माजून गेला थो सरप. एक उंदीर धरत नाई. फुकटचा कायले पोसून रायलो आपन? बंद करा आता वाटी."

डोमाकाकांचा घास थांबला. माझाही. मोठी माय भात वाढत होती. तिचा हात परातीवरच राहिला. मी ताटातल्या डाळीकडे बघत बसले, वर बघायची हिंमत होईना. बाबूजी भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही, कुणाच्या गुडघ्यांकडे बघितलं नाही.

"सरप म्हातारा होऊन रायला," ते म्हणाले. "उंदरं आता कुठून धरन? वैनी, उद्यापासून वाटी जरा मोठी ठेवत जा."

मोठ्या मायनं पदर कपाळावर पुढे ओढला आणि त्यांच्या पानात भात वाढला, नको नको म्हणेपर्यंत.